जालन्याचं पान आणि शहराचं पान

कुंभार पिंपळगाव हे घनसावंगी तालुक्यातलं बाजारपेठेचं गाव. कापूस, ऊस आणि मोसंबीचा पैसा इथं फिरतो. आसपासच्या खेड्यांची लग्नाची खरेदी इथं होते. समर्थ रामदासांचं जांब इथून जवळच. या गावात पेपरची एजन्सी चालवणारे एक मामा आहेत. ते त्याच पेपरचे वार्ताहरही आहेत. पेपर विकायचा त्यानंच, बातमी द्यायची त्यानंच आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची तीही त्यानंच, ही आपल्या ग्रामीण पत्रकारितेची जुनी रीत. त्यांची भाची छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, दुसऱ्या एका दैनिकात उपसंपादक आहे आणि जिल्ह्यांची पानं तिच्या हाताखालून जातात. दोघांचीही नावं देत नाही, कारण दोघांनाही अजून याच धंद्यात राहायचं आहे. बोलणं निघालं रेल्वेवरून. मराठवाड्यात कोणतंही बोलणं रेल्वेवर नाहीतर पाण्यावर येतंच. त्या दिवशी आधी रेल्वे आली, पाणी नंतर आलं.

मामा : तू काही म्हण बाई, पेपरात भांडण लागलं म्हणूनच जालन्याच्या पदरात काहीतरी पडलं. 1981 पर्यंत आपण औरंगाबाद जिल्ह्यात. शिक्का मारायचा तरी औरंगाबाद. 1 मे 1981 ला जिल्हा झाला, तव्हा कुठं जालन्याला स्वतःचं तोंड मिळालं. तरी शाळा-कॉलेज तिकडं, विद्यापीठ तिकडं, खंडपीठ तिकडं. आमच्याकडं काय? सळईचे कारखाने आणि बियाणं. ते पण सरकारनं नाही दिलं. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये महिको काढली ती स्वतःच्या हिमतीवर.

भाची : खंडपीठ जालन्याला आलं असतं तर पिंपळगावच्या माणसाचं काय वाचलं असतं, साठ किलोमीटरचं भाडं?

मामा : साठ किलोमीटरचं भाडं म्हणजे काय थोडं झालं? शंभर पक्षकारांचं कर हिशेब. पण मी भाड्याचं नाही बोलत. पिटलाइनचं बघ. 2022 चं साल लागलं आणि रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानव्यांनी सांगितलं, पिटलाइन जालन्याला करतो. पिटलाइन म्हणजे काय, हे तोवर शहरातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. गाडी उभी करायची, खालून तपासायची, धुवायची, पाणी भरायचं. ती सोय जिथं असती, तिथून नवी गाडी सुटू शकती. नसली की तुमच्या वाट्याला नांदेडहून नाहीतर सिकंदराबादहून भरून आलेली गाडी. जालन्याचं नाव निघालं मात्र, तिकडं केवढा गहजब! आमच्या हक्काची पिटलाइन पळवली म्हणून पेपर रंगले. खासदार बोलले, व्यापारी बोलले. आणि झालं काय? त्याच वर्षी ऑक्टोबरात रेल्वेमंत्र्यांनी येऊन औरंगाबादच्या पिटलाइनचं भूमिपूजन केलं. जालन्याचीही रद्द झाली नाही. एकाच्या दोन झाल्या. आता सांग, भांडणात नुकसान कुणाचं झालं?

भाची : मामा, दोन पिटलाइन एकाच रुळावर. जालना ते संभाजीनगर एकेरी मार्ग. समोरून गाडी आली की दुसरी उभी राहते, मग ती धुतलेली असो की न धुतलेली. खरी गरज होती दुहेरीकरणाची. संभाजीनगर ते परभणी दुहेरीकरणाला केंद्राच्या मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली 2025 च्या जुलैअखेर. 177 किलोमीटरचं काम आहे. तोवर इतकी वर्षं त्याच्या बातम्या कोणत्या? प्रवासी संघटनेनं निवेदन दिलं, दोन परिच्छेद. अमुक खासदारांनी संसदेत प्रश्न विचारला, दोन परिच्छेद. कारण दुहेरीकरण झालं तर हरतं कोण? कुणीच नाही. मग अशी बातमी रंगवणार कशी?

मामा : म्हणजे तुला म्हणायचंय, भांडण तुम्ही लावता.

भाची : लावत नाही. वाढून देतो. तुम्ही दुकानात बसता, तुम्हाला एकच पेपर दिसतो. मी रात्री डेस्कवर बसते, मला एकाच पेपरची चार रूपं दिसतात. 30 डिसेंबर 2023 ला वंदे भारत जालन्याहून निघाली ना, त्या रात्रीचं सांगते. गाडी एक, वेळापत्रक एक, भाडं एक. जालन्याच्या पानावर फुलांचे हार, पेढे, स्थानकावरची गर्दी. शहराच्या पानावर सूर वेगळा: गाडी आमच्याच गावातून जाते, पण सुटते दुसरीकडून, आता आमच्या कोट्याचं काय? दोन्ही पानं मीच लावली. एकाच तासात. खोटं एकाही पानावर नव्हतं.

मामा : मग बिघडलं कुठं?

भाची : बिघडलं असं की जालन्याच्या माणसानं शहराचं पान वाचलं नाही आणि शहरातल्यानं जालन्याचं. मधली गोष्ट कुणालाच कळली नाही. ती अशी की गाडी जालन्याहून सुटली तरी शहरातून जायला एक गाडी वाढलीच होती. आणि पुढचं ऐका. 2025 च्या ऑगस्टात तीच गाडी नांदेडपर्यंत वाढवली. मग जालन्याच्या पानावर तोच सूर आला, जो दीड वर्षापूर्वी शहराच्या पानावर होता. आमचा कोटा गेला, आमची गाडी पळवली. मी मनात म्हटलं, जुनीच बातमी काढून गावाचं नाव बदललं तरी चालेल.

मामा : (हसून) जनशताब्दीचं पण तसंच झालं की. आधी औरंगाबादहून सुटायची, मग जालन्याहून. 2024 मध्ये हिंगोलीला नेली. ज्याची गेली तो ओरडला.

भाची : आणि ज्याला मिळाली तो नाचला. गाडी मात्र तीच, डबे तेच.

इथं मला एक जुनी गोष्ट आठवली, ती मी दोघांना सांगितली. अमेरिकेत मिनियापोलिस आणि सेंट पॉल ही दोन शहरं मिसिसिपी नदीच्या काठावर एकमेकांना लागून आहेत. 1890 च्या जनगणनेत मोठं शहर कोण, यावरून दोघांत इतकी ईर्षा की मोजणीत माणसं फुगवली गेली. सेंट पॉलच्या बाजूनं तक्रार होऊन मिनियापोलिसचे मोजणीदार पकडले गेले. सरकारनं दोन्हीकडं पुन्हा मोजणी केली, तर मिनियापोलिसचे सुमारे 18 हजार लोक गायब झाले आणि तक्रार करणाऱ्या सेंट पॉलचेही 9 हजारांवर. दोन्ही गावचे पेपर तोवर एकमेकांना लबाड म्हणत होते, आणि दोघांचंही म्हणणं खरं निघालं. मामांना ही गोष्ट फार आवडली. भाचीला तितकीशी नाही. ती म्हणाली, तिथं निदान दोन गावचे दोन पेपर होते, इथं एकाच कार्यालयात बसून दोन्ही बाजू लढवतात.

मामा : बरं, कोट्याचं सोड. माणसाला आपलं म्हणून काही लागतं का नाही? मंत्री आपला होता म्हणून गाडी आपल्याकडून सुटली. यात लाजायचं कामून?

भाची : आपला? मामा, तुम्ही लोकसभेला मत कुठं देता?

मामा : (थोडं थांबून) परभणीला.

भाची : परभणीला. मतदारसंघांची फेररचना होऊन 2009 पासून घनसावंगी आणि परतूर हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ परभणी लोकसभेत आहेत. आणि जालना लोकसभेत कोण आहे? जालना, बदनापूर, भोकरदन, आणि तिकडून पैठण, फुलंब्री, सिल्लोड. म्हणजे सहापैकी तीन संभाजीनगर जिल्ह्यातले. ज्या मंत्र्यानं संभाजीनगरची गाडी पळवली असं शहराचं पान म्हणत होतं, त्याला निवडून देणाऱ्यांत पैठणचा, फुलंब्रीचा माणूस होता. आणि ज्यानं आपल्यासाठी आणली असं तुम्ही म्हणता, त्याला पिंपळगावचं एक मत नव्हतं.

मामा : हे बघ, मतदारसंघाचा नकाशा दिल्लीत काढतात. पेपर माझ्या दारात येतो. माणूस पेपरवर छापलेल्या जिल्ह्याचा असतो.

हे मामांचं वाक्य मला भाचीच्या सगळ्या युक्तिवादापेक्षा जड वाटलं. पहाटे गठ्ठे घेऊन जीप जालन्याकडून येते, म्हणून पिंपळगाव जालन्याच्या पानात. ती परभणीकडून आली असती तर इथल्या माणसानं रोज परभणीच्या महापालिकेची भांडणं वाचली असती, आणि काही वर्षांत ती त्याला घरची वाटायला लागली असती. आपण कुणाचे, याचा निम्मा निकाल वितरण विभागात लागतो. भाची याला भोळेपणा म्हणते. मला तो अनुभव वाटतो.

भाची : म्हणूनच म्हणते, पूर्वीचं बरं होतं. अनंत भालेराव ‘मराठवाडा’चे संपादक होते तेव्हा एक पेपर होता आणि एक मराठवाडा होता. गोविंदभाई श्रॉफांनी रुंद रुळांची मागणी लावून धरली ती काय फक्त औरंगाबादसाठी? मनमाडपासून पुढं सगळ्यांसाठी. तेव्हा कोणी विचारलं नाही की पहिली गाडी कुठून सुटणार.

मामा : तू तव्हा जन्मली नव्हतीस, म्हणून तुला ते गोड वाटतं. एका पेपरात पाच जिल्हे बसवायचे, तव्हा पिंपळगावला जागा कुठून मिळणार? पूर आला, नाहीतर मोठा पुढारी आला, तरच गावाचं नाव छापून यायचं. आज जालन्याचं वेगळं पान आहे म्हणून आमच्या शाळेचा निकाल येतो, सप्ताहाची बातमी येती, रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो येतो. फोटो आला की तिसऱ्या दिवशी मुरूम पडतो. मुरूमच पडतो, डांबर नाही, ते सोड. पण तुझ्या त्या एका मराठवाड्याच्या पेपरात तो मुरूम पण पडला नसता.

भाची : हे मान्य.

मामा : अन् बाहेरच्यांनी आपल्याला कसं दाखवलं ते पण बघ. 2022 च्या ऑगस्टात जालन्याच्या स्टीलवाल्यांवर आयकरची धाड पडली. अधिकारी लग्नाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून आले, म्हणून देशभर हसू झालं. नोटांचे ढीग मोजताना टीव्हीवर दाखवले. त्याच महिन्यात जांबच्या राममंदिरातल्या समर्थांच्या घराण्यातल्या मूर्ती चोरीला गेल्या. आम्ही इथं रडवेले झालो होतो आणि मुंबईच्या चॅनलवर एक ओळ फिरत होती, ‘जालन्यात मूर्तिचोरी’. पुढच्या वर्षी 1 सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, मग सगळे कॅमेरे अंबड तालुक्यात. जालना म्हणलं की धाड, चोरी, नाहीतर लाठी. अशा वेळी आपल्या जिल्ह्याचं पान आपलं कौतुक करतं, तर करू दे की. ‘जालना सोने का पालना’ म्हणायचे पूर्वी. आता ते म्हणायला पण आपल्याच पेपरची गरज लागती.

भाची : शहराचं काय वेगळं आहे? आशियातलं सगळ्यात वेगानं वाढणारं शहर म्हणून मिरवलं एकेकाळी. नंतर बाहेरच्या पेपरांत काय आलं? आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी, आणि 2018 मध्ये रस्त्यावर साचलेला कचरा. त्या कचऱ्याची तर गंमतच. नारेगावच्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, कारण वर्षानुवर्षं शहराचा कचरा त्यांच्या अंगणात पडत होता. शहराच्या पानावर बातमी अशी, की शहर वेठीला धरलं. ज्यांच्या विहिरी नासल्या ते गावकरी बातमीत होते, पण गाड्या अडवणारे म्हणून. शहर विरुद्ध शहर असं भांडण तुम्ही छापता तेव्हा नारेगाव कुठल्या पानात बसवायचं?

मामा : नारेगाव तुमच्या पानात. आमच्याकडं येत नाही ते.

भाची : बघा, हेच. बरं, पाण्याकडं या. तुमची जमीन कालव्याखाली आहे ना?

मामा : आहे की. जायकवाडीचा डावा कालवा. 208 किलोमीटरचा, पार परभणीपर्यंत जातो. मोसंबी आहे, थोडा ऊस आहे.

भाची : पाण्यात आपलं भांडण कुणाशी?

मामा : नाशिक-नगरशी. आणखी कुणाशी? वरती धरणं बांधली, गोदावरीचं पाणी अडवलं. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसला की वरून सोडलं पाहिजे, असं ठरलंय. तरी दर वेळी कोर्टकचेरी. 2023 मध्ये 8.6 टीएमसी सोडायचा आदेश निघाला 30 ऑक्टोबरला, आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवट आला. तव्हा बघ, जालना आणि संभाजीनगर एक झाले का नाही? तिथं कुणी म्हणलं नाही, जालन्याचं पाणी न् शहराचं पाणी.

भाची : एक झाले, आणि तिथंच तुमचं नुकसान आहे. धरणात पाणी कमी असलं की पिण्याचं पहिलं राखून ठेवतात. दोन्ही शहरांची पाइपलाइन जायकवाडीतूनच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांना पाणी तिथूनच. उरलं तर कालव्याला. 2003 च्या राज्याच्या जलनीतीत तर पिण्यानंतर उद्योग होता आणि मग शेती. 2011 मध्ये शेती वर आणली, ती कागदावर. धरण खाली गेलं की पहिली कात्री तुमच्या पाणीपाळीला. आता सांगा, पाणीपाळी रद्द झाली ही बातमी तुम्ही दिली होती ना? किती आली?

मामा : चार ओळी. आतल्या पानावर.

भाची : का चार ओळी? वार्ताहर वाईट होता म्हणून?

मामा : जागा नव्हती म्हणाले.

भाची : नाशिकनं पाणी अडवलं ही बातमी असती तर अर्धं पान मिळालं असतं. त्यात शत्रू लांबचा असतो. तुमच्या चार ओळींत शत्रू कोण? जालन्याचा नळ आणि संभाजीनगरचा नळ. त्या नळाचा मालक आमचा वर्गणीदार, त्याच्या दुकानाची आम्हाला जाहिरात. आणि नाशिकच्या आवृत्तीत काय चाललेलं असतं? तिकडं मराठवाडा म्हणजे उसाला पाणी उधळणारा माणूस. एकाच नावाचा पेपर, तिकडं तुम्ही उधळे आणि इकडं तुम्ही तहानलेले. तुमच्या मोसंबीला शेवटचं पाणी कधी मिळालं, हे दोन्हीकडं नाही.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. ऊस त्यांचाही आहे, त्यामुळं उधळ्याचा शब्द त्यांना लागला असावा. मग त्यांनी विषय बदलल्यासारखं केलं, पण तो बदलला नव्हता.

मामा : लातूर-नांदेडचं काय मग? 2009 मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला द्यायचं ठरलं, तर लातूर पेटलं. तिथं तर तुझी ती पानं नव्हती लावलेली. खरंखुरं भांडण होतं ते. एक मुख्यमंत्री नांदेडचा, त्याच्या आधीचा लातूरचा.

भाची : तिथं भांडण होतं हे खरं. पण सोळा वर्षांनंतर आयुक्तालय कुठं आहे?

मामा : संभाजीनगरात.

भाची : आठही जिल्ह्यांसाठी एकच. म्हणजे दोघं भांडले आणि फाइल तिथंच राहिली.

मामा : ते दोघं कमी पडले म्हणून. पिटलाइनला आपण कमी पडलो नाही, म्हणून मिळाली. माझं म्हणणं तेच आहे. भांडण नीट लढलं पाहिजे.

भाची : आणि मी म्हणते, भांडण नीट निवडलं पाहिजे. तालुक्यातच बघा. तीर्थपुरी नगरपंचायत झाली तेव्हा पिंपळगावचं नाव नव्हतं. तुम्ही किती बातम्या दिल्या?

मामा : त्या दिल्या! भरपूर दिल्या. लोकांना वाईट वाटलं होतं, एवढी बाजारपेठ आपली.

भाची : आणि तीर्थपुरीत तुमच्याच पेपरचा दुसरा वार्ताहर. त्यानं काय दिलं?

मामा : त्यानं फटाक्यांचा फोटो दिला. काय करणार, त्याचं गाव आहे.

भाची : दोन्ही बातम्या एकाच पानावर आल्या?

मामा : वर फटाके, खाली आमची नाराजी. त्या दिवशी दोन्ही गावांत अंक कमी पडले, रिटर्न एक नाही.

हे सांगताना मामांच्या चेहऱ्यावर वार्ताहराची खंत नव्हती, एजंटाचं समाधान होतं. भाचीनं ते टिपलं, पण ती काही म्हणाली नाही. तिला आणखी एक सांगायचं होतं: पिंपळगावचा माणूस आजारी पडला की तो जालन्याच्या सरकारी दवाखान्यात जातो, तिथून चिठ्ठी मिळते ती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाची. घाटीच्या वऱ्हांड्यात चटई टाकून बसलेल्या नातेवाइकांना कुणी विचारत नाही की तुम्ही कुठल्या पानावरचे. तिथं जालना, बीड, परभणी, बुलडाणा सगळे एकाच रांगेत. त्या रांगेची बातमी कोणत्या आवृत्तीत लावायची, हा प्रश्न तिला डेस्कवर पडतो आणि बहुतेक वेळा ती शहराच्या पानावर जाते, कारण इमारत शहरात आहे. मामांचं म्हणणं, जालन्याला आता वैद्यकीय महाविद्यालय मिळालंय, दम धर, ती रांगही इकडं येईल.

मामा : बरं, तुझं ऐकतो. चांगलं भांडण निवडायचं ना? मग उद्या मी बातमी देतो. नांदेडपर्यंत वाढवली ना वंदे भारत, तर ती परतूरला थांबली पाहिजे. घनसावंगी, परतूर, मंठा, तीन तालुक्यांची सोय. पिंपळगावच्या माणसाला गाडी पकडायला जालना कशाला? हे तर शहरांचं भांडण नाही ना? हे आपलं आहे.

भाची : हे चांगलं आहे. सह्यांचं निवेदन जोडा, मागच्या वर्षी परतूरहून किती तिकिटं गेली ते स्टेशनातून काढा. मी माझ्याकडं पण लावते. फक्त एक आहे. पुढचं मोठं स्टेशन सेलू. परभणी जिल्हा. त्यांनाही थांबा हवाच असणार. एवढी जलद गाडी दोन्हीकडं थांबवणार नाहीत. तेव्हा निवेदन दोघांनी मिळून दिलं तर? खासदार तसाही एकच आहे.

मामा : सेलूच्या बरोबर?

भाची : हो.

मामा : मग थांबा सेलूलाच देतील बाई. तू आपली परतूरची बातमी लाव. सेलूचं सेलूवाले बघतील.